न्हाणीघरातील फरशीचे जोड दर पावसाळ्यात काळे पडतात : नवे ग्राउट भरण्यापूर्वी काय तपासावे

तक्रार बहुतेक घरांत सारख्याच शब्दांत ऐकू येते. शॉवरखालच्या फरशीचे जोड दिवाळीच्या साफसफाईत नव्याने भरून घेतले, हिवाळाभर ते स्वच्छ राहिले, उन्हाळ्यात त्यांच्याकडे कोणाचे लक्षही गेले नाही. आणि श्रावण लागेपर्यंत पाणी जाण्याच्या जाळीच्या आसपासचे जोड पुन्हा काळे झाले, एका टाइलवर पाय दिला की शेजारच्या फटीतून पाण्याचा बुडबुडा वर येऊ लागला, आणि ब्रश झिजेपर्यंत घासले तरी काळेपणा चार दिवसांत परतला. आमच्या बडोद्याच्या घरी, मांजलपुरातील एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, हे सलग तीन वर्षे घडले. पहिल्या वर्षी पांढऱ्या सिमेंटने जोड भरले, दुसऱ्या वर्षी दुकानातून तयार ग्राउटची, म्हणजे जोड भरण्याच्या मालाची, पिशवी आणली, तिसऱ्या वर्षी बरेच पैसे मोजून इपॉक्सी, म्हणजे राळेचे ग्राउट, भरून घेतले. चौथ्या वर्षी खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यांच्या छताला ओल आली तेव्हा फरशी फोडावी लागली, आणि खाली जे दिसले त्यावरून कळले की तिन्ही वेळा आम्ही भलत्याच वस्तूची दुरुस्ती करत होतो.

या फसगतीचे एक मोठे कारण दुरुस्तीचा हंगाम हे आहे, असे मला वाटते. आपल्याकडे घराची कामे दिवाळीच्या तोंडावर निघतात. त्यानंतरचे चार-पाच महिने बडोद्याची हवा कोरडी असते, त्यामुळे सकाळच्या अंघोळीने ओली झालेली फरशी दुपारपर्यंत सुकते आणि टाइलखाली मुरलेले पाणीदेखील जोडांवाटे हळूहळू उडून जाते. काम चांगले असो की वाईट, या दिवसांत ते चांगलेच दिसते. जुलै ते सप्टेंबर या काळात बाहेरची हवाच ओलीने भरलेली असते. सकाळी आठला ओला झालेला कोपरा रात्री आठलाही ओलाच असतो, आणि बुरशीला वाढायला तेवढे पुरते. तिचे अन्न म्हणजे साबणाचा थर, तेल आणि अंगावरून निघालेला मळ, जे न्हाणीघरात बाराही महिने असतेच; उणीव असते ती फक्त पाण्याची. त्यामुळे ऑक्टोबरात भरलेल्या जोडांची खरी परीक्षा पुढच्या जुलैत होते, आणि तोवर कडियाचे, म्हणजे गवंड्याचे, पैसे देऊन झालेले असतात.

आधी निदान

नवे साहित्य आणण्यापूर्वी एक दिवस निदानासाठी द्यावा. पुढील तपासण्यांना घरातल्या वस्तू पुरतात.

पहिला प्रश्न असा की काळे दिसते ते नक्की काय आहे. काळ्या जोडावर पातळ केलेल्या ब्लीचचे दोन थेंब टाकून दहा मिनिटे थांबावे. रंग उतरला तर ती बुरशी आहे. रंग तसाच राहिला तर तो सच्छिद्र ग्राउटमध्ये शिरलेला मळ असण्याची शक्यता जास्त, किंवा ग्राउट केवळ ओले असल्यामुळे गडद दिसत असते. यात एक गोष्ट विसरू नये : ब्लीच बुरशीचा रंग घालवते, परंतु ग्राउटच्या आत रुजलेली वाढ त्याने समूळ जातेच असे नाही. त्यामुळे जोड पांढरा झाला म्हणजे दुरुस्त झाला, असे समजू नये.

पांढऱ्या डागांचीही अशीच शहानिशा करावी. लिंबाचा रस टाकल्यावर बारीक फेस आला तर तो चुना आहे. मात्र तो चुना कोठून आला हे त्याच्या जागेवरून ठरते. टाइलच्या पृष्ठावर आणि नळाखाली थर बसला असेल तर तो जड पाण्याचा क्षार होय. सयाजीरावांच्या काळात बांधलेल्या आजव्याच्या तलावाचे पाणी ज्या घरांना मिळते आणि ज्या सोसायट्या बोअरवेलवर चालतात, त्यांच्या न्हाणीघरांत हा फरक नुसत्या नळाकडे पाहूनही कळतो. परंतु पांढरी भुकटी जोडाच्या रेषेतूनच फुटून वर येत असेल, पुसली तरी आठवड्याने त्याच रेषेत पुन्हा दिसत असेल, तर तो खालून येणारा खार आहे. टाइलखालच्या सिमेंटमधील चुना पाण्यात विरघळून वर येतो, हवेतील कार्बन डायऑक्साइडशी त्याचा संयोग होतो आणि पाणी उडून गेल्यावर तो तेथेच बसतो. असा खार दिसणे म्हणजे टाइलखाली पाणी फिरत आहे याची जवळजवळ कबुलीच असते.

त्यानंतर कोरड्या जोडावर पाण्याचा एक थेंब ठेवावा. मिनिटभरात तो मुरला आणि जोड गडद झाला तर ग्राउट पाणी पिते. मग रुपयाचे नाणे घेऊन प्रत्येक टाइलच्या चारही कोपऱ्यांवर आणि मध्यभागी टकटक करावी. खणखणीत आवाज आला तर टाइल खाली नीट चिकटलेली आहे, बद्द आवाज आला तर तिच्याखाली पोकळी आहे. आमच्या नऊ टाइल्सपैकी चार टाइल्स कोपऱ्यांत बद्द वाजत होत्या आणि त्या चारही जाळीला लागून होत्या. पोकळी म्हणजे टाइलखालची एक लहानशी टाकीच. बुडबुडा येत होता तो तेथूनच.

उताराची तपासणी मला सर्वांत उपयोगी वाटते, कारण ती डोळ्यांना स्पष्ट दिसते. मगभर पाण्यात चिमूटभर नीळ घालून ते शॉवरखाली शांतपणे ओतावे आणि पाच मिनिटांनी पाहावे. निळे पाणी जेथे थांबलेले दिसते तेथेच पुढचा काळा डाग पडणार असतो. आमच्या फरशीवर जाळीपासून वीतभर अंतरावर तळहाताएवढे निळे तळे उरले, आणि सर्वांत काळा जोड नेमका त्याच्या मधून जात होता. नीळ जोडांना लागून राहते, हे मात्र आधीच सांगून ठेवते. काळ्या जोडांना त्याचे काही वाटत नाही, नव्यांवर हा प्रयोग करू नये.

शेवटची तपासणी एक दिवस न्हाणीघर बंद ठेवून करावी लागते. फरशी पुसून कोरडी करावी, त्यावर दीड फूट लांबी-रुंदीचा जाड प्लॅस्टिकचा तुकडा किमान दोन-तीन जोड झाकले जातील असा ठेवून चारही बाजूंनी चिकटपट्टी लावावी आणि दुसऱ्या दिवशी उचलावा. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूस जोडांच्या रेषेत दव धरलेले दिसले, किंवा झाकलेले जोड भोवतालच्या जोडांपेक्षा गडद झालेले दिसले, तर ओल खालून येत आहे. प्लॅस्टिक कोरडे निघाले तर दोष वरच्या वर आहे आणि जोड खरवडून नवे ग्राउट भरल्याने काम भागण्याची आशा आहे. खालून ओल असताना वरून कोणतेही ग्राउट भरणे म्हणजे गळक्या रांजणाला बाहेरून रंग देणे होय.

फोडल्यावर काय दिसले

आम्ही फरशी मे महिन्यात फोडली. त्याआधी तीन आठवडे घर बंद होते, म्हणजे त्या न्हाणीघरात एक थेंबही पडला नव्हता. तरीही पहिली टाइल पहारीने उचलल्यावर खालचे वाळू-सिमेंट हाताला गार आणि ओले लागले, आणि साचलेल्या डबक्यासारखा वास खोलीभर पसरला. टाइलच्या पाठीवर मालाचा लाडूएवढा गोळा मध्यभागी चिकटलेला होता आणि चारही कोपरे रिकामे होते. ती टाइल व्हिट्रिफाइड होती. अशी टाइल जवळजवळ पाणी शोषत नाही, त्यामुळे साध्या सिमेंटच्या रबडीला तिची पाठ धरून ठेवता येत नाही. आमच्या टाइलच्या पाठीवरून तो गोळाही बोटाने ढकलताच निघून आला.

तिसऱ्या वर्षीचे इपॉक्सी तर पाहण्यासारखे होते. टोकदार सुरीने एक टोक उचलले आणि ओढले, तर मेणबत्तीतून वात निघावी तशी हातभर पट्टी अखंड निघून आली. तिची जाडी जेमतेम दीड मिलिमीटर होती. त्या कारागिराने जुने ग्राउट वरवर खरवडून त्याच्यावर इपॉक्सीचा पातळ थर ओढला होता, तोही जोड ओले असताना. “बेन, इपॉक्सी भरून टाकू, मग दहा वर्षे बघायला नको,” असे तो म्हणाला होता आणि मीही त्यावर विश्वास ठेवला होता. इपॉक्सीचा यात दोष नव्हता. जुने ग्राउट टाइलच्या जाडीच्या किमान दोन-तृतीयांश खोलीपर्यंत काढून, जोड पूर्ण सुकवून भरले असते तर ते टिकले असते. तरीही खालचे पाणी खालीच राहिले असते, किंबहुना त्याला उडून जायला वाटच उरली नसती. शेजाऱ्यांच्या छताला ओल नेमकी इपॉक्सी भरल्यानंतरच्या पावसाळ्यात आली, हा केवळ योगायोग नसावा.

मूळ दोष आणखी खाली होता. सिमेंटच्या कोब्यावर जलरोधक थर होता, पण त्याचा उतार जाळीच्या उलट दिशेला, भिंतीकडे होता. वरच्या टाइल्सना उतार दिलेला असला तरी जोडांतून झिरपलेले पाणी खालच्या थरावरून भिंतीच्या कोपऱ्यात जाऊन साठत होते. शिवाय ट्रॅपच्या, म्हणजे जाळीखालच्या पाणी वाहून नेणाऱ्या भांड्याच्या, तोंडाभोवती सिमेंटचा जाड गळपट्टा केलेला होता, म्हणून जे थोडे पाणी जाळीकडे वळे त्यालाही ट्रॅपमध्ये शिरता येत नव्हते. म्हणूनच जाळीलगतचे जोड सर्वांआधी काळे पडत. इतकी वर्षे आम्ही त्याचा अर्थ “तेथे जास्त मळ जमतो” असा लावत होतो.

उतार

टाइल आणि ग्राउट यांच्या निवडीला या पायरीनंतरच अर्थ आहे. शॉवरच्या जागेला मीटरमागे सुमारे २० मिलिमीटर, म्हणजे फुटामागे पाव इंच, इतका उतार हवा. आमची शॉवरची जागा ९०० मिलिमीटर लांब-रुंद आहे आणि जाळी कोपऱ्यात आहे; तेथे एका कडेपासून जाळीपर्यंत १८ मिलिमीटर उतार मिळतो. ऐकायला हे किरकोळ वाटते, परंतु कडिया सवयीने संपूर्ण न्हाणीघरात मिळून अर्धा इंच देतो आणि “पाणी जाते की” म्हणून मोकळा होतो. पाणी जाते हे खरेच, पण पावसाळ्यात ते शेवटपर्यंत जाणे गरजेचे असते. उतार कोब्यालाही तितकाच द्यावा, जलरोधक लेप ट्रॅपच्या तोंडाच्या आत वळवून घ्यावा, आणि टाइल बसवण्यापूर्वी ट्रॅप बंद करून ४८ तास पाणी भरून ठेवावे. कारागीर घाई करतो त्या वेळी हे दोन दिवस घरच्यांनीच अडून बसून मिळवावे लागतात. लेप भिंतींवर फूटभर, आणि शॉवरमागच्या भिंतीवर डोक्याच्या उंचीपर्यंत असावा. फरशी आणि भिंत मिळतात त्या कोपऱ्यात लेपाखाली विणलेल्या जाळीदार कापडाची पट्टी द्यावी, कारण तडा प्रथम तेथेच जातो.

टाइल

टाइल्सच्या कारखान्यांचे मोरबी आपल्याच राज्यात असल्यामुळे बडोद्याच्या दुकानांत टाइल्सची कमतरता कधीच नसते. अडचण असते ती निवडीची, आणि दुकानदार बहुधा रंगावरून बोलणे सुरू करतो. त्याला प्रथम पाणी किती शोषले जाते ते विचारावे. व्हिट्रिफाइड टाइलमध्ये हे प्रमाण ०.५ टक्के किंवा त्याहून कमी असते, तर भिंतीसाठी केलेल्या साध्या सिरॅमिक टाइलमध्ये ते १० टक्क्यांहून अधिक असू शकते. भिंतीची सुंदर टाइल उरली म्हणून ती शॉवरखाली लावणे हा काटकसरीचा प्रकार म्हणूनच महागात पडतो.

दुसरा मुद्दा घसरण्याचा. खोक्यावर आर-९, आर-१०, आर-११ असे आकडे छापलेले असतात, पण ती चाचणी तेलकट उतरंडीवर बूट घालून केलेली असते. अनवाणी, साबणाच्या पाण्यासाठीची जर्मन पद्धत वेगळी आहे आणि तिच्यात ए, बी, सी अशा श्रेणी असतात. शॉवरसाठी बी मागावी. दुकानात असे लेखी काही मिळाले नाही तर टाइल जमिनीवर ठेवून तिच्यावर पाणी आणि साबणाचा थेंब टाकून चप्पल काढून उभे राहावे. मी तसे केले तेव्हा दुकानातील मुलगा हसला, पण तीन टाइल्स त्याच जागी बाद झाल्या. फार खरखरीत टाइलही घेऊ नये; तिच्या खाचांत साबणाचा थर बसतो आणि मग जोडांऐवजी टाइलच काळी पडते. बोट फिरवल्यावर मऊ सँडपेपरसारखी लागावी, किसणीसारखी नव्हे.

आकाराबाबत लोक गोंधळतात, म्हणून थोडा हिशेब मांडते. ३०० मिलिमीटरच्या चौरस टाइल्स लावल्या तर एका चौरस मीटर फरशीत सुमारे ६.७ मीटर लांबीचे जोड येतात. ५० मिलिमीटरचे मोझॅक लावले तर तितक्याच जागेत ४० मीटर येतात. जोड जास्त असले की पायाला पकड मिळते आणि टाइल्स उताराबरोबर सहज वळतात. पण सहापट जोड म्हणजे सहापट भरणे, सहापट घासणे आणि चुकीच्या सहापट संधी. उलट ६०० मिलिमीटरची मोठी टाइल कोपऱ्यातल्या जाळीकडे दोन दिशांनी वळवता येत नाही. ती तिरकी कापावी लागते, नाहीतर एका बाजूला पाणी थांबते. भिंतीलगत लांब पन्हळीसारखी जाळी असेल आणि उतार एकाच दिशेला असेल तरच मोठी टाइल शोभते. आम्ही ३०० मिलिमीटरची मॅट टाइल घेतली आणि जाळीकडे येणाऱ्या कर्णावर ती कापून घेतली.

आमच्या सासूबाईंचे मत वेगळे आहे. दांडिया बाजारातील त्यांच्या माहेरच्या घरी मोरीला कोट्याची फरशी होती. “घसरायची गं, पण काळी म्हणून कधी पडली नाही,” असे त्या अजूनही सांगतात. कोट्याचा रंगच मुळी शेवाळी असतो, त्यामुळे काळेपणा दिसायचा नाही, हे त्यांना सांगण्याचे धाडस मी केलेले नाही. तरी त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे : त्या मोरीला उतार भरपूर होता, वर उघडी खिडकी होती, आणि अंघोळीनंतर खराट्याने पाणी काढल्याशिवाय कोणी बाहेर येत नसे.

ग्राउट

पांढऱ्या सिमेंटने जोड भरण्याची आपली जुनी पद्धत शॉवरखाली सोडून द्यावी. नुसते सिमेंट सुकताना आकसते, टाइलच्या कडेपासून केसाएवढे सुटते आणि त्या फटीतून पाणी आत जाते. रंग मिसळला तरी त्यात फरक पडत नाही. तयार सिमेंट ग्राउटमध्ये पॉलिमर आणि पाणी कमी शोषणारी द्रव्ये घातलेली असतात. ३ मिलिमीटरपर्यंतच्या जोडासाठी वाळूविरहित आणि त्याहून रुंद जोडासाठी बारीक वाळू असलेले ग्राउट घ्यावे. ते बिघडते ते बहुतेक वेळा पाण्याच्या प्रमाणात. पिशवीवर लिहिलेल्यापेक्षा जास्त पाणी घातले की भरणे सोपे जाते, पण ते पाणी उडून गेल्यावर मागे छिद्रे राहतात, आणि ठिपक्याठिपक्यांनी फिकट-गडद रंग येतो. भरताना पाणी मोजून घालणारा कारागीर मला एकच भेटला. त्याने रिकामी शीतपेयाची बाटली माप म्हणून जवळ ठेवली होती.

इपॉक्सी ग्राउट पाणी शोषत नाही आणि साबण किंवा सौम्य आम्लाने त्याला फारसे काही होत नाही, म्हणून ओलसर हवामानात शॉवरखाली तेच योग्य, असे माझे मत आहे. मात्र खालचा थर कोरडा आणि उतार बरोबर असल्याची खात्री झाल्यावरच. ते सिमेंटच्या ग्राउटपेक्षा कित्येक पट महाग पडते. त्याचे राळ आणि कठीण करणारे द्रव्य हे दोन भाग, सोबत भुकटी, हे सारे एकत्र केल्यावर साधारण अर्धा-पाऊण तास हातात असतो, आणि मे महिन्याच्या उकाड्यात त्याहूनही कमी. म्हणून एका वेळी थोडेच कालवावे आणि डबे आदल्या रात्रीपासून गार खोलीत ठेवावेत. टाइलवर राहिलेला चिकट थर त्याच वेळी ओल्या घासणीने काढला नाही तर मॅट टाइलवर तो कायमचा धूसर डाग बनतो. आमच्या न्हाणीघराच्या दारापाशी असा एक डाग आहे; फोन घ्यायला बाहेर गेल्याची ती खूण.

जोडाची रुंदी २ ते ३ मिलिमीटर ठेवावी. टाइलला टाइल भिडवून, जोड न दिसावा म्हणून केलेले काम दोन महिने देखणे दिसते. त्या केसाएवढ्या फटीत कोणतेही ग्राउट आत शिरत नाही, वरच पापुद्रा बसतो. रंग निवडताना पांढरा टाळावा आणि मध्यम करडा घ्यावा. गडद काळा घेतला तर त्यावर जड पाण्याचा पांढरा क्षार उठून दिसतो, हे बोअरवेलवाल्यांनी ध्यानात ठेवावे. फरशी आणि भिंत यांच्या कोपऱ्यात, तसेच पाइप भिंतीतून बाहेर येतो तेथे ग्राउट भरू नये, बुरशीरोधक सिलिकॉन भरावे. हे दोन भाग वेगवेगळे हलतात आणि ताठ ग्राउटला तेथे तडा जातोच.

टाइल चिकटवण्यासाठी भारतीय मानक १५४७७ प्रमाणे टाइप २ किंवा त्यावरचा चिकटमाल घेतला. दातेरी थापीने जमिनीवर ओळी ओढून, टाइलच्या पाठीलाही पातळ लेप देऊन टाइल बसवली, आणि पहिली टाइल लगेच उचलून पाठ पाहिली. पाठीचा सुमारे ९५ टक्के भाग मालाने झाकलेला असावा. कारागिराला हे अविश्वासाचे वाटू शकते, म्हणून कामाच्या आधीच “पहिली टाइल उचलून बघणार आहोत” असे सांगून ठेवावे.

रोजची निगा

नवी फरशी पहिल्या पावसाळ्यात टिकते की नाही हे पुष्कळसे घासण्याच्या सवयीवर ठरते. बडोद्यात फरशीसाठी बाटलीतून मिळणारे पिवळसर ऍसिड हा घरोघरचा जालीम उपाय आहे. त्यातील हायड्रोक्लोरिक आम्ल सिमेंटच्या ग्राउटला अक्षरशः खाते. त्या वेळी जोड उजळ दिसतात, कारण वरचा थरच गेलेला असतो. दर महिन्याला असे केले की दोन वर्षांत जोड टाइलच्या पातळीखाली जातात आणि प्रत्येक जोड पाणी साठवणारी बारीक नाली बनतो. कोट्याच्या आणि संगमरवरी फरशीचेही हेच होते. शिवाय हे ऍसिड आणि ब्लीच कधीही एकत्र वापरू नये, एकामागोमाग एकही नाही; त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो. कामाला येणाऱ्या बाईंना हे स्वतः समजावून सांगावे आणि दोन्ही बाटल्या एका कप्प्यात ठेवू नयेत.

एक्झॉस्ट फॅन अवश्य असावा, परंतु त्याच्याकडून पावसाळ्यात फार अपेक्षा धरू नये. तो आतली दमट हवा बाहेर टाकून बाहेरची तितकीच दमट हवा आत घेतो, त्यामुळे सुकण्याचा वेग मंदच राहतो. दाराखाली बोटभर फट नसेल तर तो नुसताच फिरतो. त्या दिवसांत अंघोळ झाल्यावर अर्धा मिनिट वायपर मारणे हे फॅनच्या तासभराच्या कामापेक्षा उपयोगी ठरते. साबणाचा थर आठवड्यातून एकदा कोमट पाणी, भांड्यांचा पातळ साबण आणि नायलॉनचा ब्रश यांनी निघतो. जड पाण्यात अंगाचा वडीचा साबण नीट फेसाळत नाही, त्याचा चिकट पांढरट गाळ बनतो आणि तोच बुरशीचा पहिला घास असतो. बोअरवेलचे पाणी असणाऱ्यांनी म्हणून शेवटचा मग फरशीवर ओतून मगच वायपर घ्यावा.

आमच्या नव्या फरशीचा एक पावसाळा झाला आहे. शॉवरखालचे जोड करडेच आहेत आणि शेजाऱ्यांच्या छताची ओल दसऱ्यापर्यंत सुकली. ऑगस्टमध्ये गिझरच्या पाइपजवळचे सिलिकॉन एका बाजूने सुटलेले आढळले. तेथे भिंतीची टाइल पुसून कोरडी न करताच ते भरले गेले होते. ते पूर्ण कापून काढले, जागा स्पिरिटने पुसली, दोन दिवस तो नळ बंद ठेवला आणि पुन्हा भरले. उरलेल्या पाच टाइल्स आणि इपॉक्सीच्या डब्यावरील रंगाचा क्रमांक लिहिलेला कागद माळ्यावर एकाच पिशवीत ठेवला आहे, कारण टाइलची तीच छटा पुढच्या खेपेला मिळेल याची हमी कोणताही दुकानदार देत नाही.